एजिनाची चांदीची कासवं : या चुका टाळा

मराठीत समुद्रातलंही कासवच आणि विहिरीतलंही कासवच. एजिनाच्या नाण्यांबाबत पहिली चूक इथेच होते. अथेन्ससमोरच्या सॅरॉनिक आखातातलं हे छोटं व्यापारी बेट. ग्रीसमध्ये चांदीची नाणी पाडायला ज्यांनी सर्वांत आधी सुरुवात केली, त्यांतलं एक. काळ इ.स.पू. सहावं शतक. त्या जुन्या नाण्यांवर समुद्री कासव आहे : गुळगुळीत पाठ, मधोमध ठिपक्यांची ओळ, वल्ह्यासारखे पाय. वेळासच्या किनाऱ्यावर पाहिलेलं आठवा. पाचव्या शतकात त्याची जागा जमिनीवरच्या कासवाने घेतली, म्हणजे कवचावर चौकटी आणि पाय आखूड, जाड. नाण्यासोबतच्या चिठ्ठीवर 'इ.स.पू. ५५०' आणि कवच मात्र चौकटींचं असेल, तर चिठ्ठी सुमारे शंभर वर्षांनी चुकली आहे.

असंच एक साल इ.स.पू. ४३१. त्या वर्षी अथेन्सने एजिनाच्या रहिवाशांना बेटावरून हाकललं. उरलेल्यांना स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने ४०५-४०४च्या सुमारास परत आणलं. मधल्या काळातलं नाणं म्हणून कुणी काही दाखवलं, तर पाडलं कुणी, एवढं जरूर विचारा.

दुसरी चूक वजनाची. नवखा माणूस अथेन्सचं माप डोक्यात धरून बसतो : द्राख्मा म्हणजे ४.३ ग्रॅम. एजिनाचा द्राख्मा सहा ग्रॅमच्या आसपास आणि दोन द्राख्मांचा स्टेटर साधारण १२.२ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याहून जेमतेम अर्धा ग्रॅम जास्त. माप वेगळं म्हणून नाणं खोटं ठरत नाही.

मागची बाजू पाहून 'नाणं खराब आहे' म्हणणारेही भेटतात. जुन्या नाण्यांवर तिथे चित्र नसतंच. ठोकताना खालच्या साच्यावर कासव आणि वरून कठीण ठशाचा घाव, त्यामुळे मागे खोल, त्रिकोणी खड्डे पडतात. आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून केलेली आपली प्राचीन नाणी, हाताळलेल्यांना हे नवं वाटू नये. कवचावरच्या बारीक खुणा आणि छिन्नीचे काप यांनाही घाबरू नका. आत तांबं तर नाही ना, हे त्या काळचे व्यापारी असंच तपासत. मला तर काप नसलेलं, मधोमध बसलेलं, चकचकीत नाणंच जास्त खटकतं. कडेवर शिवणीसारखी बारीक रेघ दिसली तर ते ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल आहे, घेऊ नका.

शंका उरलीच तर पाण्याची कसोटी करा. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. १२.२ ग्रॅमच्या चांगल्या चांदीच्या नाण्याला काटा १.१७च्या जवळपास दाखवतो. आत तांबं असेल तर १.३च्या पुढे जातो. आकडा एकदम सहा-सात ग्रॅम आला, तर नाणं वाटीच्या तळाला टेकलं आहे. थोडाच जास्त येत असेल, तर आधी चिकटलेले बुडबुडे झटका आणि मगच नाण्याला दोष द्या. जुनी, सच्छिद्र झालेली चांदीही आकडा थोडा वर नेते.

आणि दिवाळीची भांडी घासतो तसं घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीच नको. अडीच हजार वर्षांत चांदी आतून ठिसूळ होते. फरशीवर पडलेलं नाणं काचेसारखं तुटू शकतं. म्हणून पाहताना खाली जाड कापड हवं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलंत तर काही वर्षांनी हिरवट चिकटा धरतो.

बेटावर फिरायला गेलात तर दुकानातली नक्कल खुशाल आणा. पण कुणी खिशातून खरं कासव काढून दाखवलं, तर हातही लावू नका : ग्रीसमधून प्राचीन वस्तू परवान्याशिवाय बाहेर नेणं हा गुन्हा आहे.