तांब्यावरची मॅग्डालीन: या चुका टाळा

चिंच. सगळ्यात आधी तिच्याबद्दल बोलू.

एका गृहस्थांनी युरोपातल्या लिलावात १७व्या शतकातलं, वहीच्या पानाएवढं चित्र घेतलं: पश्चात्तापदग्ध मेरी मॅग्डालीन (येशूची शिष्या), तांब्याच्या पत्र्यावर तैलरंग. घरी आल्यावर पाठ काळी दिसली म्हणून देवघरातल्या तांब्याभांड्यांसारखी चिंच-मीठ लावून लख्ख घासली! महिन्याभराने माझ्याकडे आले तेव्हा कडांना हिरवा कळंक चढला होता. घासताना पत्रा वाकला, तसे गालाजवळचे रंगाचे पोपडेही सुटले. कॅनव्हास तंतूंमुळे रंग धरून ठेवतो, गुळगुळीत तांबं तेवढं धरत नाही. त्यात पाठीवरची कागदी चिठ्ठीही गेली, म्हणजे चित्र कुणाकुणाच्या घरात होतं याचा पुरावाच धुतला. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या काही पत्र्यांच्या पाठीवर ते बनवणाऱ्याचा शिक्का असतो, पीटर स्टासचा तर ओळखीचाच. काळी पाठ म्हणजे मळ नव्हे. मी कोरड्या मऊ ब्रशपलीकडे काही लावत नाही. पुढची बाजू बटाट्याने पुसायचा सल्ला देणाऱ्यांशी तर मी वादही घालत नाही.

दुसरी चूक ओळखीची. कवटी दिसली की लोक मॅग्डालीन म्हणून मोकळे होतात. कवटी संत जेरोमजवळ असते, संत फ्रान्सिसच्या हातातही असते. मोकळे केस आणि सुगंधी तेलाची कुपी शोधा. सिंह किंवा कार्डिनलची लाल टोपी असेल तर जेरोम. किल्ल्या, कोंबडा आणि डबडबलेले डोळे असतील तर संत पीटर. ही सगळी रडारड उगाच नव्हती. प्रॉटेस्टंटांनी पापनिवेदनाचा (पाद्र्यापुढे पाप कबूल करून क्षमा मिळवण्याचा) संस्कार नाकारला, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–६३) तो ठामपणे मांडला, आणि रडणाऱ्या संतांना मागणी आली. मॅग्डालीनला 'पापिणी' ठरवण्यात पोप पहिला ग्रेगरी याच्या ५९१च्या सुमाराच्या प्रवचनाचा मोठा हात. बायबलातल्या वेगवेगळ्या बायका त्याने एकीतच कोंबल्या. कॅथलिक चर्चने १९६९मध्ये त्या पुन्हा वेगळ्या केल्या. तिच्या चित्राखाली 'वेश्या' असं बिनदिक्कत लिहू नका.

डोळे आभाळाला लागलेत म्हणून 'गुइदो रेनी' (असे चेहरे रंगवणारा इटालियन चित्रकार) म्हणू नका. त्याच्या नकला ढिगाने झाल्या.

सुटलेला पोपडा अंगठ्याने दाबू नका. चित्र आडवं, रंगाची बाजू वर ठेवा आणि जाणकाराकडे न्या. फेव्हिकॉल लावून आलात तर आधी माझी बोलणी खाल.