इंजिन ऑइल कधी बदलायचं? किलोमीटरसोबत तासही बघा

धायरीत माझं छोटं गॅरेज आहे. गाडी आत घेण्याआधीच गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न येतो, "दहा हजार झाले नाहीत अजून. ऑइल चालेल ना?" बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असतंच. पण धूळ, ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या असतील तर लवकर बदला, हेही तिथंच बारीक अक्षरात असतं. ते कोण वाचतंय! आणि पुण्यातल्या निम्म्याअधिक गाड्या त्यातच बसतात.

मीटरवर सरासरी वेग दिसतो, तो बघा. सारखं कोल्हापूर करणाऱ्याचा ताशी 60 पडला, तर 10,000 किलोमीटरला इंजिन साधारण 167 तास चाललं. सिंहगड रोडवरून हिंजवडी गाठणाऱ्याचा 20 पडतो. त्याचे होतात 500 तास. मीटर तेवढाच, ऑइल मात्र तिप्पट वेळ तापलं. कोल्हापूरवाल्याला मी पुस्तिकेप्रमाणे चालू देतो. हिंजवडीवाल्याला पाच-सहा हजारांवर बोलावतो.

मंडईपुरती निघणारी गाडी आणखी वेगळी. इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे पेट्रोल आणि ओल ऑइलमध्येच राहते. किलोमीटर कितीही कमी असोत, वर्षाला ऑइल बदलायचंच. शिवाय आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी, सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना बघा. काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं तर लगेच काळं होतं. दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र स्टार्टर मारू नका; कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये उतरत असेल. बीएस-6 डिझेलमध्ये लेव्हल वरच्या खुणेच्या पुढे गेली आणि डिझेलचा वास आला, तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट राहून डिझेल इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये आलेलं असतं. तिथं किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल बदला.

ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-जाड ते, पुस्तिकेतलाच. 0डब्ल्यू-20 च्या गाडीत "पुण्यात ऊन फार" म्हणून 20डब्ल्यू-50 ओतून घेणारे भेटतात. पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनाला ते जाड पडतं, वर ॲव्हरेजही जातं.

ऑइल फिल्टर दर वेळी नवा, ड्रेन प्लगचा वायसरही. वेळेवर बदलणाऱ्याला फ्लशिंगची, म्हणजे केमिकल टाकून इंजिन आतून धुण्याची, गरज नाही. बिलात दिसलं तर का केलं ते विचारा. कॅनचं सील समोर फोडायला लावा. घरी बदलत असाल तर जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या. आम्ही ते पिंपात साठवतो आणि परवानाधारक उचलणाऱ्याला देतो.