गाडीच्या स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त असा फॉल्ट कोड) आला? सेन्सर बदलायची घाई नको
ऑक्सिजन सेन्सर इथे फक्त निरोप देतोय की मिश्रणात हवा जास्त आहे. आधी स्कॅनरच्या लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. इंजिन गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता) शॉर्ट (तात्पुरती) आणि लाँग (कायम ठेवलेली) ट्रिमची बेरीज करा, मग २५०० आरपीएमला पुन्हा. आयडलला +२० टक्के आणि रेस दिल्यावर +५ वर येत असेल, तर इनटेककडून (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गातून) कुठल्यातरी फटीतून जादा हवा खेचली जातेय. स्मोक मशीनने इनटेकमध्ये धूर सोडा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघा. मॅनिफोल्डमागे वाकलेला रबरी पाइप आरशाने बघाच, तो खालून चिरलेला असला तर वरून कळत नाही. हे एअर-फ्लो सेन्सरवाल्या गाड्यांचं. त्याऐवजी मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर बहुतेक वेळा ट्रिमऐवजी आयडलच चढतं. ट्रिम उलट लोडवर (इंजिनावर जोर असताना) वाढत असेल तर फ्युएल प्रेशर गेजने मोजा.