'तंबाखू'चा माग कसा काढावा

शब्दाचं मूळ शोधताना मी आजच्या रूपापासून उलट चालत जातो. 'तंबाखू' घ्या. संस्कृत 'तमाखु' सापडला की पुष्कळजण तिथेच थांबतात. मीही एकदा थांबलो होतो! पण आधी रोपाची जन्मभूमी तपासा: ते अमेरिका खंडातलं, १४९२ आधी आपल्याकडे नव्हतंच. म्हणजे तो संस्कृत शब्द मागाहून घडवलेला.

मग फारसी 'तंबाकू' बघा, त्याच्या मागे पोर्तुगीज-स्पॅनिश 'ताबाको'. इथे मात्र सावकाश, कारण साक्षीदारांचंच जमत नाही. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो १५३५ मध्ये सांगतो, हे धूर ओढायच्या दुफाटी नळीचं नाव. स्पॅनिश धर्मगुरू लास कासास म्हणतो, पेटवून ओढायच्या पानांच्या सुरळीचं. दोघंही कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांबद्दल बोलतात, आणि रोपाचं नाव असं कुणीच म्हणत नाही. वर अरबी 'तुब्बाक', एक औषधी वनस्पती. तिच्यासारखी नावं स्पेनमध्ये कोलंबसाच्या आधीपासून होती. मी वहीत कॅरिबियन आणि अरबी अशा दोन्ही वाटा पेन्सिलीने लिहितो.

'निकोटीन' वेगळ्या पानावर घ्या. ते लिस्बनमधला फ्रेंच राजदूत झाँ निको याच्या नावावरून आलं.