१६:८ चा उपास इंदुरात कसा निभवावा

सोळा तास पोटात काही नाही, उरलेल्या आठ तासांत काय ते जेवायचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

आधी वेळ ठरवा. बहुतेक जण दुपारी बारा ते रात्री आठ सांगतात. मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सांगेन. जेवणानंतरची साखर शरीर सकाळी जास्त चांगली सांभाळतं, आणि इंदुरात पोहे कोणाला सुटलेत? पोहे खा. जिलबी रोज नको. शेव मात्र चिमटीने. मूठभर शेवेत दीडशेच्या वर कॅलरी सहज जातात.

उपासाच्या तासांत पाणी किंवा बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा.

‘उपासाने चयापचय भडकतो’ हे ऐकून सुरू करत असाल, तर ते डोक्यातून काढा. आणि सोळा तासांनी तो मंदावतो हेही खरं नाही. शेवटच्या घासानंतर काही तासांनी इन्सुलिन खाली येतं, यकृतातलं सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, खर्ची पडू लागतं आणि शरीर चरबीकडे जास्त वळतं. पण नंतरच्या आठ तासांत पहिल्याइतकंच खाल्लं, तर ती चरबी परत भरते. चीनमधल्या ग्वांगझूचा, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला वर्षभराचा प्रयोग बघा. १३९ लठ्ठ माणसं, सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कमी केलेल्या. अर्ध्यांनी शिवाय सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खायचं. वजन सरासरी घड्याळ पाळणाऱ्यांचं ८ आणि बाकीच्यांचं ६.३ किलो उतरलं, आणि एवढ्या फरकावरून घड्याळाला श्रेय देता येत नाही असा निष्कर्ष निघाला. घड्याळाचा उपयोग एवढाच, की रात्रीचं चरणं बंद होतं.

आता खरी अवघड पायरी: संध्याकाळचे साडेपाच. मला हिनेच सगळ्यात जास्त छळलं. सहानंतर काही मिळणार नाही या धास्तीने माणूस भूक नसताना पुढची भूक आधीच भागवून ठेवतो. पोळीवर पोळी, वर भात, हात धुताधुता दोन चमचे श्रीखंड. एकादशी अन् दुप्पट खाशी, ती अशी. उपासाने वाचलेल्या कॅलरी या अर्ध्या तासात बिनबोभाट वसूल होतात.

उपाय म्हणून ‘मन आवरा’ सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ताट बदला. आधी उसळ, पिठलं किंवा पनीर, बरोबर वाटीभर दही आणि कोशिंबीर, पोळी मागून. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि ती पचवायलाही शरीराला जास्त खर्च येतो. साबुदाण्याची खिचडी इथे अजिबात नको: साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीत, आणि दाण्याच्या कुटाच्या व तुपाच्या कॅलरी मोजल्या तर डोळे पांढरे होतील. पाचलाच जेवायला बसा, म्हणजे घाई होत नाही. तरी रात्री नऊच्या सुमारास भूक येईल. ती चढते आणि आपोआप उतरतेही. पाणी प्या, जरा पाय मोकळे करून या, पण राजवाड्याच्या दिशेने नको, तिथेच सराफ्याची रात्रीची खाऊगल्ली आहे. घरचे ‘एक घास तरी घे’ म्हणतील. ‘उद्या पोह्यांना बसतो’ एवढंच सांगा.

पहिल्या आठवड्यात काटा पटकन खाली आला तर हुरळू नका. ग्लायकोजेनबरोबर पाणीही निघून जातं, त्यात चरबी थोडीच असते.

पाहुणे आले आणि सराफ्याला जाणं भागच असेल, तर नियम मोडण्यापेक्षा तो सरकवा. त्या दिवशी पहिलं जेवण दुपारी दोनला, शेवटचा घास रात्री दहाला. भुट्ट्याचा किस घ्या, गराडू, म्हणजे तळलेला कंद, चौघांत एक प्लेट. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनपर्यंत थांबा. पोहे चुकतील, ते चुकू द्या.