जंगलरस्त्याचा टायर: निवडायचा कसा, आणि फुगा आला तर क्लेम कसा लढवायचा

पावसाळ्यात तुमची फोर-बाय-फोर इंदूरजवळच्या चोरल, पातालपाणी, जानापावकडे वळतेच, असं धरून चालतो. राजेंद्रनगरातला प्रत्येक काका ‘जाडजूड टायर घे’ म्हणेल. हो म्हणा आणि विसरा.

एम/टी, म्हणजे मड टेरेन, घेऊ नका. भिजलेल्या काळ्या मातीत तो ए/टीपेक्षा, म्हणजे सगळ्या रस्त्यांसाठीच्या ऑल टेरेनपेक्षा, सरस आहे, कारण रुंद खाचांतून चिखल झटकला जातो. पण इंदुरातली गाडी वर्षभर धावते डांबरावर, आणि तिथे तो घोंघावतो, लवकर झिजतो, ओल्या रस्त्यावर ब्रेकलाही कमी धरतो. ए/टी पुरतो. साइज कंपनीने दिलेलीच ठेवा, लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. साइज बदलली की वॉरंटीचा क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

मालव्यातला बेसाल्टचा धारदार दगड टायर बाजूने फाडतो. म्हणून नक्षीवर भाळण्याआधी साइडवॉलवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे साइडवॉलचे थर लिहिलेले असतात. ३ असतील तर पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. तिथेच चार आकडी तारीखही असते: ३५२५ म्हणजे २०२५ चा ३५ वा आठवडा. वर्षाहून जुना माल परत करा.

बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट नेहमीसारखंच. बिलावर मात्र प्रत्येक टायरचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि अलाइनमेंटचा कागद जपून ठेवा.

आता खरी डोकेदुखी, वॉरंटी. ती सहसा मिळते फक्त बनावटीतल्या दोषाला. साइडवॉलवर फुगा आला म्हणजे आतल्या दोऱ्या तुटल्या, आणि बहुतेक वेळा त्या दगडाने किंवा खड्ड्यानेच तुटलेल्या असतात. म्हणून भांडायला जाण्याआधी टायर रिमवरून उतरवून आत बघा. अस्तरावर चीर असेल किंवा रिमची कड चेपलेली असेल, तर तो मार आहे. साइडवॉलच्या आत गोल घासलेला पट्टा आणि रबराचा भुगा दिसला, तर टायर कमी हवेवर पळाला आहे. चिखलासाठी हवा सोडून तशीच गाडी महूपर्यंत हाणणाऱ्यांचं हेच होतं. या दोन्हींत क्लेम करू नका, फुकट हेलपाटे पडतील. साइडवॉलवरची आत दबलेली उभी रेघही सहसा दोष नसते, तो थरांचा जोड असतो. याउलट आत-बाहेर माराची खूण नसताना नक्षीचा पट्टा सुटत असेल, तर मागे हटू नका.

टायर दुकानात ठेवून घरी येऊ नका. एका डीलरने माझा टायर आठवडेच्या आठवडे ठेवून घेतला आणि शेवटी फोनवर ‘रिजेक्ट’ एवढंच सांगितलं. कारण विचारलं तर ‘कंपनीचा इंजिनिअर बोलला’. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: क्लेम नंबर मिळाल्याशिवाय टायर द्यायचा नाही, तपासणीला समोर उभं राहायचं, आतले-बाहेरचे फोटो आधीच काढायचे आणि नकार कारणासह लेखी मागायचा. नुसतं ‘इम्पॅक्ट’, म्हणजे मार, लिहिलं तर खूण कुठे आहे ते दाखवा म्हणायचं. नक्षीची खोलीही स्वतः मोजून ठेवा. क्लेम मंजूर झाला तरी सहसा झिजेच्या प्रमाणात पैसे कापतात. अर्धी नक्षी गेली असेल तर नव्या टायरची साधारण अर्धी किंमत तुमचीच.

लेखी नकार पटला नाही तर कंपनीला ईमेल, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, इंदूर चालतं. खरेदी ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची. तोवर टायर भंगारात देऊ नका, डीलरकडेही सोडू नका: आयोग तो प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.