पिकअपमध्ये जड माल भरताना या चुका टाळा

हौदा रिकामा दिसला की भरत सुटायचं, ही चूक बघून बघून मी वैतागलो आहे. हौद्यात मावेल तेवढं गाडीला पेलतंच असं नाही. किती पेलतं, ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते आधी वाचा.

समजा रिकाम्या गाडीचं वजन १,७०० किलो आणि एकूण मर्यादा २,७०० किलो. म्हणजे १,००० किलो माल चालेल? नाही. चालक आणि सोबतचा माणूस मिळून १५० किलो, वर बसवलेला लोखंडी कॅरियर ६० किलो. उरले ७९०. ओली वाळू घनमीटरला साधारण १,९०० किलो भरते. २.४ मीटर लांब, १.६ मीटर रुंद हौद्यात ७९० किलो वाळू पसरली, तर थर जेमतेम अर्धी वीत होतो. नवख्यांना हे पटत नाही. "अजून निम्मासुद्धा भरला नाही," म्हणत ते फावडं मारतच राहतात. वाळू, खडी, माती यांचा अंदाज डोळ्यांनी करू नका, गाडी वजनकाट्यावर न्या. मी पुढचा आणि मागचा एक्सल (चाकांची जोडी ज्यावर बसते तो आस) वेगवेगळा तोलून घेतो, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या एक्सलवर जास्त भार पडलेला असू शकतो.

तो कसा पडतो? सगळ्यात जड वस्तू फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, चिकटवून ठेवल्यामुळे. उतरवायला सोपं जातं म्हणून लोक हे करतात आणि या आळसाचा मला मनापासून राग येतो. एकदा एका तरुण चालकाशेजारी बसलो होतो. मागे ३०० किलोचा जनरेटर, अगदी काठाला. एकूण वजन मर्यादेच्या बरंच आत, त्यामुळे तो निर्धास्त. चढावरच्या ओल्या वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी वळेना, सरळ पलीकडच्या लेनमध्ये गेली. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून वाचलो. हिशेब साधा आहे: मागच्या एक्सलच्या ९० सेंटीमीटर मागे ठेवलेले ३०० किलो, तीन मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या अंतराच्या) गाडीत पुढच्या चाकांवरचे ९० किलो कमी करतात आणि मागच्या एक्सलवर ३९० टाकतात. आम्ही तिथेच थांबून जनरेटर केबिनच्या भिंतीपर्यंत सरकवला आणि पट्ट्यांनी आवळला. अर्धा तास गेला. माल भरतानाच हे केलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं.

"जास्तीचे पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकले, आता दीडपट माल चालतो," हे तर ऐकवत नाही. पाट्यांमुळे मागची बाजू बसत नाही, एवढंच. ब्रेक, एक्सल, टायर तेच राहतात आणि मर्यादाही तीच.

हवा टायर थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याइतकी भरा. कमी हवेचा टायर भाराखाली तापतो आणि फुटतो.

ट्रेलर जोडला तर त्याच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर येतो. तोही मालातच मोजा.

उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये घाला, आणि तीही उतार सुरू होण्याआधी. ब्रेक तापून निकामी झाल्यावर गिअर शोधत बसू नका.

माल आवळायच्या पट्ट्यांवर वजनक्षमता छापलेली असते, ती बघूनच घ्या. दोरावर जड यंत्र मी कधीच सोडत नाही. निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा, कारण धक्क्यांनी माल बसतो आणि पट्टे सैल होतात.